सात वेळा चॅम्पियन, पण नाव कोणतं सांगू?

रिको. डेमॉन. मायगाइड. एक्लिप्सजेट.

ही नावं ओळीने वाचून कोणाच्या डोक्यात बास्केटबॉल येणार नाही, माझ्याही आला नव्हता. पहिली कंपनी जपानी, झेरॉक्स मशीनवाली (आपल्याकडे सगळ्याच मशीनला झेरॉक्स म्हणतात, रिकोवाल्यांनी माफ करावं). दुसरी इंटरनेट कनेक्शन देणारी. तिसरी गाडीच्या काचेला चिकटवायची ती नेव्हिगेशनची डबी विकणारी. आणि चौथी तर छोटी जेट विमानं. या चौघींच्या नावाने वेगवेगळ्या वर्षी जी टीम कोर्टवर उतरायची ती मात्र एकच, अ‍ॅमस्टरडॅमची, आणि ती टीम नेदरलँड्सची चॅम्पियन झाली १९९९ ला, मग २०००, २००१, २००२ सलग, मग २००५, मग २००८ आणि २००९. सात टायटल्स. त्यानंतर दोन वर्षांत, २०११ ला, क्लब बंद. संपला विषय. आज अ‍ॅमस्टरडॅममध्ये दहा लोकांना थांबवून विचारा, नऊ जण आयाक्स या फुटबॉल क्लबबद्दल बोलायला लागतील आणि दहावा टुरिस्ट निघेल.

मी अ‍ॅमस्टरडॅमला लागून असलेल्या अ‍ॅमस्टलवीनला राहते. इथे आता इतके मराठी लोक झालेत की बसमध्ये बसून फोनवर कोणाची उणीदुणी काढायची सोय राहिली नाही. नवरा आयटीत, मी आयटीत, मुलगा बास्केटबॉलमध्ये. मी स्वतः नागपूरला कॉलेजच्या टीममध्ये होते, टीममध्ये म्हणजे बेंचवर जास्त, कोर्टवर कमी, पण त्यामुळे पोराने फुटबॉल सोडून हा बॉल हातात घेतला तेव्हा मला जरा जास्तच आनंद झाला. मग कळलं की इथे पोराला क्लबात घालणं म्हणजे आपण स्वतः क्लबात जाणं. वर्गणी भरली की सुटलो असं नसतंय. शनिवारी दुसऱ्याच कोणाच्या तरी मॅचला टेबलवर बसायचं, स्कोअर लिहायचा, घड्याळ चालवायचं, शॉट क्लॉक, म्हणजे अटॅकवाल्यांना चोवीस सेकंदांत शॉट मारायला लावणारं घड्याळ, तोही सांभाळायचा. बॉल रिंगला लागला आणि अटॅकवाल्यांनीच परत घेतला तर चोवीसच्या ऐवजी चौदावर आणायचा, रिंगला लागलाच नाही तर हात लावायचा नाही, आणि लागला की नाही हे ठरवायला तुमच्याकडे अर्धा सेकंद. बारा-तेरा वर्षांच्या पोरांचे आईबाप त्या अर्ध्या सेकंदावरून किती तापू शकतात हे बघितल्याशिवाय कळत नाही. डच लोक शांत असतात असं ज्यांनी लिहून ठेवलंय ते शनिवारी सकाळी कुठल्या स्पोर्टहॉलमध्ये गेलेले नाहीत.

तर त्या टेबलवर माझ्या शेजारी एक रिटायर्ड गृहस्थ असतात. नातवंडं आता मोठी झाली, खेळत नाहीत, पण हे येतातच. इथल्या पद्धतीने मी त्यांना नावाने हाक मारते, मनातल्या मनात मात्र काकाच म्हणते. काका अ‍ॅमस्टरडॅमच्या त्या टीमचे जुने भक्त. भक्त हाच शब्द. एकदा हॉलमध्ये गरम होत होतं म्हणून त्यांनी स्वेटर काढला तर आत एक जुना टी-शर्ट, छातीवर एक्लिप्सजेट. प्रिंटला बारीक बारीक तडे गेलेले, 'जेट' मधला एक तुकडा तर पापुद्रा होऊन लोंबत होता आणि ते बोलता बोलता तो अंगठ्याने परत दाबून बसवत होते, जणू चिकटणारच आहे. मी विचारलं, ही कुठली एअरलाईन? झालं. हाफटाइम संपला, दुसरा हाफ सुरू झाला, माझ्याकडून दोनदा शॉट क्लॉक चुकला, काकांचं बोलणं चालूच.

आधी एक गोष्ट सांगायला पाहिजे, कारण मलाही हे कोडंच वाटायचं. जगातले सगळ्यात उंच लोक या देशात. पुरुषांची सरासरी सहा फूट. अशा देशात बास्केटबॉल हा खरं तर घरचा खेळ असायला हवा होता, आणि आहे काय तर फुटबॉल, मग हॉकी, मग स्पीड स्केटिंग, मग सायकल, आणि बास्केटबॉल कुठेतरी खाली कोर्फबॉल नावाच्या इथल्याच एका खेळाशी हॉलचं टाइमटेबल वाटून घेत बसलेला. उंच पोरं निघाली नाहीत असं नाही. आइंडहोवनचा रिक स्मिट्स ७ फूट ४ इंच, १९८८ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये (अमेरिकन लीगच्या टीम नवीन खेळाडू निवडतात तो) दुसऱ्या नंबरवर गेला आणि अख्खं करिअर इंडियाना पेसर्समध्ये काढलं. पण तो अमेरिकेत घडला. डच लीगमध्ये खेळून कोणी स्टार झाला आणि त्याचं पोस्टर पोरांच्या खोलीत लागलं, असं फारसं झालंच नाही.

तरी एक काळ होता म्हणतात, सत्तर-ऐंशीच्या दशकातला. १९७९ ला डेन बॉसची टीम युरोपच्या कप विनर्स कपच्या फायनलला गेली, इटलीच्या कांतूकडून ८३-७३ हरली. १९८३ च्या युरोपियन चॅम्पियनशिपला डच नॅशनल टीम चौथी आली, पुढे होते इटली, स्पेन आणि सोव्हिएत युनियन, म्हणजे काही ऐरेगैरे नव्हेत. आणि त्या काळातल्या क्लबांची नावं बघा: नाशुआ डेन बॉस, पार्कर लायडन, लिव्हाइज फ्लेमिंगोज, कमोडोर डेन हेल्डर. कॉपियर, पेन, जीन्स, कॉम्प्युटर. शहराच्या आधी कंपनी. म्हणजे हे जर्सीवरचं प्रकरण अ‍ॅमस्टरडॅमने शोधून काढलेलं नाही, तिकडची रीतच ती. फुटबॉलमध्ये कंपनी छातीवर असते, टीमचं नाव टीमचंच राहतं. बास्केटबॉलला टीव्हीचे पैसे नाहीत, हॉल लहान, तिकिटांतून काय येणार, मग विकायला उरलं काय तर नाव. ते विकलं.

मला हे ऐकून पहिल्यांदा आपल्याकडची कबड्डी आठवली. आपल्याकडेही कंपनीच्याच टीम. महिंद्रा, एअर इंडिया, मध्य रेल्वे, बँका. बाबांच्या ब्रँचला एक कबड्डीवाले काका होते, स्पोर्ट्स कोट्यातून लागलेले, सकाळी येऊन सही करायचे आणि तीन वाजले की प्रॅक्टिसला गायब, आणि बाकीचा स्टाफ त्यांच्या नावाने बोटं मोडायचा पण टुर्नामेंट जिंकून आले की पेढे पहिल्यांदा हेच वाटणार. गुडघा गेला, खेळ संपला, तरी ते पेन्शनपर्यंत त्याच काउंटरला बसले. कंपनीचं नाव म्हणजे तिथे पगार होता, पीएफ होता, मुलीच्या लग्नाला कर्ज होतं. डच बास्केटबॉलमधलं कंपनीचं नाव म्हणजे करार. दोन वर्षं, तीन वर्षं. संपला करार की नवीन नाव, नवीन टी-शर्ट, अर्धी टीमही नवीन, कारण अमेरिकन खेळाडू येतात एका सीझनसाठी, चांगले खेळले तर जर्मनी-इटलीत जातात, वाईट खेळले तर घरी.

हां, तर अ‍ॅमस्टरडॅम.

टीमचं जुनं नाव अ‍ॅस्ट्रोनॉट्स. स्पॉन्सर होते रिको, ज्यांचं युरोपचं मोठं ऑफिस आमच्याच अ‍ॅमस्टलवीनमध्ये होतं, आणि खेळायचे ऑलिम्पिक स्टेडियमजवळच्या स्पोर्टहालेन झाउडमध्ये. (हे तेच स्टेडियम जिथे १९२८ ला ध्यानचंदच्या टीमने नेदरलँड्सला ३-० हरवून हॉकीचं पहिलं गोल्ड आणलं. इथल्या ऑफिसात कोणी क्रिकेटवरून फार चिडवलं की मी हे सांगते.) तिथे बाजूलाच अल्डो व्हॅन आइक या आर्किटेक्टने बांधलेली जुन्या अनाथाश्रमाची इमारत आहे, ती बघायला जगभरातून आर्किटेक्चरचे विद्यार्थी येतात. स्पोर्टहॉल बघायला कोणी येत नाही. मी मेट्रोतून कितीदा तिथून गेलेय, कधी मान वळवून बघितलं नव्हतं.

रिकोच्या काळात कोच होते टोन बोट. स्वतः जुने नॅशनल प्लेअर, आणि शिस्तीचे कडक म्हणून प्रसिद्ध, स्टार असो की पोरगा, वेळ म्हणजे वेळ. काका त्यांच्याबद्दल बोलताना अजून आवाज खाली आणतात, मास्तर मागे उभे असल्यासारखा. १९९९ ते २००२ सलग चार वर्षं टायटल अ‍ॅमस्टरडॅमला. काकांचं म्हणणं असं की त्या वर्षांत हॉलमध्ये गेल्यावर जिंकणार की नाही हा प्रश्नच नसायचा, कितीने एवढंच. आणि मग लगेच स्वतःच म्हणतात, त्यामुळेच लोक कमी यायचे. मला वाटतं हे अर्धं खरं असावं. दुसरं अर्धं असं की अ‍ॅमस्टरडॅममध्ये शनिवारी रात्री करायला हजार गोष्टी असतात आणि अ‍ॅस्ट्रोनॉट्स त्या यादीत बरेच खाली. एक जिंकणारी टीम, एक मोठ्ठं शहर, आणि दोघांची ओळखच नाही.

मग आलं डेमॉन. इंटरनेट कंपनी, मूळची इंग्लंडची. डेमॉन अ‍ॅस्ट्रोनॉट्स हे नाव मला खरं तर आवडलं, राक्षस अंतराळवीर, कोणत्याही बारा वर्षांच्या पोराला आवडेल असं. २००५ चं टायटल या नावावर. तोपर्यंत टोन बोट तिकडे उत्तरेला ग्रोनिंगनला जाऊन २००४ ला त्यांना चॅम्पियन करून बसले होते. आणि २००६ ला डेमॉनचा नेदरलँड्समधला धंदा केपीएनने विकत घेतला, म्हणजे इथल्या आपल्या बीएसएनएलने म्हणा. मोठ्या कंपनीने छोटी गिळली की पहिली कात्री कुठे लागते हे आयटीत काम करणाऱ्याला सांगायला नको. पार्टी बजेट, फ्री कॉफी, आणि कोणीतरी तीन वर्षांपूर्वी स्पॉन्सर करून ठेवलेली बास्केटबॉल टीम. डेमॉनच्या बाबतीत नेमकं असंच झालं असं मी म्हणत नाही, पण हे नाव काही पुढे टिकलं नाही.

नंतरचा जो भाग आहे ना, तो मी रात्री जागून वाचला, कारण काका सांगत होते ते मला अतिशयोक्ती वाटली होती.

मायगाइड म्हणजे नेव्हिगेशन. २००७-०८ मध्ये या धंद्याला काय भाव होता आठवतंय का? टॉमटॉम, अ‍ॅमस्टरडॅमचीच कंपनी, शेअर मार्केटची लाडकी. प्रत्येक गाडीच्या काचेवर ती डबी आणि तिचा सक्शन कपचा गोल डाग. मायगाइड अ‍ॅमस्टरडॅम या नावाने टीम २००८ ला चॅम्पियन झाली. पुढच्या सीझनला नावापुढे अजून एक नाव लागलं, एक्लिप्सजेट मायगाइड अ‍ॅमस्टरडॅम. हे मॅचच्या अनाउन्सरने एका श्वासात कसं म्हणायचं देव जाणे.

आता एक्लिप्स. अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या आल्बुकर्कीला एक्लिप्स एव्हिएशन नावाची कंपनी होती, तिचं विमान एक्लिप्स ५००, सहा सीटर, दोन इंजिनं. स्वप्न असं की हे विमान इतकं स्वस्त होईल की छोट्या छोट्या गावांतून जेट टॅक्सी चालतील, ओला-उबरच्या आधीचं आकाशातलं ओला-उबर. युरोपात हे विमान विकायचं काम एटीर्क नावाच्या कंपनीकडे, तिचे प्रमुख डच उद्योगपती रुल पीपर. रशियात उल्यानोव्स्कला कारखाना टाकायचा बेत होता. साधारण २६० विमानं ग्राहकांच्या हातात गेली आणि नोव्हेंबर २००८ ला, म्हणजे बास्केटबॉलचा सीझन ऐन रंगात असताना, एक्लिप्सने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज टाकला. एटीर्कच कंपनी विकत घेणार असं ठरलं, पैसे रशियन सरकारी बँकेकडून येणार होते, आज येतील उद्या येतील करत आलेच नाहीत, आणि २००९ च्या सुरुवातीला कंपनी सरळ मोडीत काढायची वेळ आली.

आणि इकडे अ‍ॅमस्टरडॅममध्ये टीम तेच नाव घालून खेळतेय. आणि जिंकतेय! विमानाची कंपनी बुडालेली, माणसं घरी गेलेली, आणि त्याच वसंतात इकडे एक्लिप्सजेट मायगाइड अ‍ॅमस्टरडॅम नेदरलँड्सची चॅम्पियन. काकांचा टी-शर्ट त्या सीझनचा. मी त्यांना विचारलं की तेव्हा प्रेक्षकांमध्ये यावर काही बोलणं व्हायचं का, तर ते म्हणाले, अरे आम्ही बॉलकडे बघत होतो, छातीवर काय लिहिलंय ते कोण वाचतं. नंतर जरा थांबून म्हणाले, वाचायला पाहिजे होतं.

राहिलं मायगाइड. ऑक्टोबर २००९ ला गुगलने फोनवर फुकट नेव्हिगेशन जाहीर केलं आणि टॉमटॉमचा शेअर एका दिवसात आपटला, पाचवा हिस्सा गायब. ती डबी विकणाऱ्या लहान ब्रँडांनी त्यानंतर बास्केटबॉल टीम पोसायची अपेक्षा कोणी करू नये.

म्हणजे बघा, कॉपियर, डायलअपच्या जमान्यातलं इंटरनेट, काचेवरची डबी, जेट टॅक्सी. दहा वर्षांत ज्या ज्या गोष्टीवर लोकांनी पैसा लावला तिचं नाव या टीमच्या छातीवर येऊन गेलं. मला यात हसू येतं आणि वाईटही वाटतं, कारण खेळणारी पोरं तर घाम गाळतच होती, त्यांना काय माहीत आल्बुकर्कीत काय चाललंय.

२००९ नंतर दोन्ही नावं गेली. उरलं साधं एबीसी अ‍ॅमस्टरडॅम. शहराचं नाव कंपनीशिवाय आलं आणि तेही पैसे नसल्यामुळे! दोन सीझन खेळले तसे. २०११ च्या उन्हाळ्यात पुढच्या सीझनसाठी लीगला जी आर्थिक हमी दाखवावी लागते ती जमली नाही, आणि एबीसी यादीत नाही. इथे वर-खाली जाणं नसतं, फुटबॉलसारखं की खालच्या डिव्हिजनला पडलो, दोन वर्षांनी परत येऊ, निदान रडायला तरी एक मॅच मिळेल. लायसन्सची लीग आहे. पैसे दाखवा आणि खेळा. नाही दाखवले तर शेवटची मॅच कधीच होऊन गेलेली असते आणि ती शेवटची होती हे तुम्हाला ऑगस्टमध्ये कळतं.

आणि इथे एक इथली सिस्टीम समजून घ्यायला लागते, मला काकांनीच समजावली. पोरं खेळतात तो क्लब असतो सभासदांचा, वर्गणीवर चालणारा, वार्षिक सभेत कॅन्टीनच्या कॉफीचा भाव दहा सेंटने वाढवायचा का यावर तासभर भांडणारा. प्रो टीम त्या क्लबात नसते, तिची वेगळी संस्था काढतात, फाउंडेशन किंवा कंपनी, वेगळं खातं, वेगळे डायरेक्टर. उद्देश चांगला आहे, की प्रो टीम बुडाली तर पोरांचे पैसे बुडू नयेत. आणि ते काम चोख होतं. पण याचाच दुसरा अर्थ असा की प्रो टीम गेली तरी कोणाचं काहीच अडत नाही. मंगळवारची प्रॅक्टिस मंगळवारी होते. सभासद नाहीत, त्यामुळे सभा नाही, सभा नाही त्यामुळे टेबल आपटणारा कोणी नाही. डायरेक्टर लोक कागदावर सह्या करतात आणि घरी जातात. आपल्याकडे गल्लीतलं गणेश मंडळ बंद करायचं म्हटलं तरी चार पिढ्यांची भांडणं बाहेर येतील, इथे सात टायटलवाला क्लब बंद झाला आणि चिडलेल्या सभासदांची एक धड मीटिंगसुद्धा होऊ शकली नाही.

त्याच २०११ च्या सीझनची फायनल, लायडन विरुद्ध ग्रोनिंगन, सातवी मॅच, तीन ओव्हरटाइम, लायडन ९६-९५ ने जिंकलं. लायडनचा कोच कोण? टोन बोट, सत्तरीचे. काका ती मॅच बघायला गेले नव्हते. का नाही गेलात म्हटलं तर, माझी टीम नव्हती. तोपर्यंत त्यांच्या टीमचं काय होणार ते ठरलंही नव्हतं अजून.

अ‍ॅमस्टरडॅम काही अगदी रिकामं राहिलं नाही. त्याच वर्षी अपोलो नावाचा क्लब वरच्या लीगमध्ये आला, खेळायचे अपोलोहालमध्ये, १९३० च्या दशकातली काचांची सुंदर जुनी इमारत, मोठे स्पॉन्सर नाहीत, बहुतेक लोकल तरुण पोरं, आणि निकालही तसेच, हरायचे भरपूर. काका तिकडे जायचे मधूनमधून. पण त्यांना विचारलं की अपोलो म्हणजे तुमची जुनीच टीम का, तर मान जोरजोरात हलवतात. नाही. मग जुनी टीम कुठे आहे? कुठेच नाही.

आणि गंमत अशी की नावाचा हाच उद्योग ग्रोनिंगननेही केला. तिथल्या क्लबचं मूळ नाव डोनार, फार जुनं, १८८१ ला जिम्नॅस्टिक्स क्लब म्हणून निघालेला. मग एमपीसी कॅपिटल्स, हान्झेफास्ट कॅपिटल्स, आणि २००९ पासून गॅसटेरा फ्लेम्स. गॅसटेरा म्हणजे तेव्हा ग्रोनिंगनच्या जमिनीखालचा गॅस विकणारी कंपनी, आणि तो गॅस काढून काढून तिथे भूकंप व्हायला लागले, २०१२ ला ह्युझिंगे गावाजवळ ३.६ चा, घरांना तडे गेले. अशा प्रांतात टीमचं नाव फ्लेम्स! लेखकाने कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने फार होतंय म्हणून कापलं असतं. तर २०१४ ला त्यांनी ते नाव सोडलं आणि परत डोनार झाले, आणि २०१६, २०१७, २०१८ सलग तीन टायटल्स त्या जुन्या नावावर. हॉल भरलेले. २०२४ ला तिथेही पैशांची बोंब झाली, चांगलीच, पण पुढच्या सीझनला डोनार नावाची टीम कोर्टवर होती.

माझं मत यावरून पक्कं झालं होतं. नाव भाड्याने दिलंत ते दिलंत, पण खाली एक स्वतःचं नाव ठेवायला पाहिजे होतं, ज्याच्यासाठी लोक वर्गणीचा डबा घेऊन रस्त्यावर येतील. अ‍ॅस्ट्रोनॉट्स होतं की! तेच टाकून दिलं, आणि मग २०११ ला वाचवायचं म्हटलं असतं तरी कशाच्या नावाने ओरडणार, एक्लिप्सजेट वाचवा? बुडालेली विमान कंपनी?

मध्ये २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिक झालं आणि थ्री बाय थ्री बास्केटबॉलमध्ये डच पुरुष टीमने गोल्ड घेतलं, फायनलला फ्रान्सला त्यांच्याच घरात १८-१७, ओव्हरटाइमला वर्दी दे योंगने लांबून मारलेला शेवटचा शॉट. हा पारामारिबोत जन्मलेला, लायडनला कित्येक वर्षं खेळलेला माणूस, म्हणजे याच गरीब लीगमधला. आमच्या घरी पोरगा सोफ्यावरून उडी मारून पडला. पुढच्या सीझनला ट्रेनिंगला इतकी नवीन पोरं दिसायला लागली की कोर्टच्या अर्ध्यात दोन टीम कोंबाव्या लागल्या, आणि टेबल ड्युटीला आईबाप अजून मिळत नाहीत ते नाहीतच. चार जणांची टीम, अर्धं कोर्ट, दहा मिनिटांत मॅच. स्पॉन्सरला परवडणारा बास्केटबॉल हाच असावा बहुतेक.

तर मी काकांना माझी थिअरी सांगितली, अंडर-फोर्टीनच्या मॅचच्या आधी, टेबलवरच्या वायरी सोडवता सोडवता. जुनं नाव धरून ठेवलं असतं तर क्लब जगला असता, डोनारसारखा. काका वायरच गुंडाळत होते. म्हणाले, ग्रोनिंगनला आयाक्स नाहीये. तिथे हिवाळ्यात शनिवारी रात्री दुसरं आहे काय? मी म्हटलं ते ठीक आहे, पण तरी. मग त्यांनी वायर खाली ठेवली आणि जरा चिडूनच बोलले, की रिको नसते तर टोन बोट नसते, डेमॉन नसतं तर २००५ नसतं, त्या विमानवाल्यांनी पैसे दिले म्हणून शेवटचं टायटल आलं, जुनं नाव घेऊन बसलो असतो ना तर अजून असतो आम्ही, आठव्या नंबरला, आणि कपाटात काय, शून्य. तुला जगणारा क्लब पाहिजे, मला सात पाहिजेत.

मी म्हटलं, पण सात कोणाच्या नावावर?

एवढ्यात रेफरी आला आणि म्हणाला घड्याळ चालू आहे का बघा, काल बंद पडत होतं.